उंबऱ्याबाहेरची बाज

वहिनी, तुमचा फ्लेक्स मीच केला. दुसऱ्या कुणाला करू दिला असता तर तुमच्यामागं एक धबधबा आणि दोन मोर लागले असते, आणि तुम्ही जिथं असाल तिथून माझ्या नावानं खडे फोडले असते. फोटो तुमच्या लेकीच्या, मंगलच्या साखरपुड्यातला घेतला. डोक्यावर पदर, कपाळाला आठी. हसरा एकही सापडला नाही. कॅमेरा समोर आला की तुम्ही ग्रामसेवकाशी भांडायला निघाल्यासारख्या दिसायच्या.

चौसाळ्याच्या माझ्या दुकानात असले फ्लेक्स रोजचेच. मॅटर तयार असतं. नाव, गाव, फोटो बदलला की काम झालं. वर लाल अक्षरांत 'दुःखद निधन'. तुमचं नाव टाकलं आणि त्या 'दुःखद'वर हात अडला. तो शब्द काढून टाकला. तुमची जाऊ संगीता म्हणाली, "लोक काय म्हनतील?" म्हणू देत. दुःख आम्हाला झालं, ते आमच्यापाशी आहे. तुमचं जाणं मात्र दुखरं नव्हतं, आणि त्याचं मला इतकं हायसं वाटतंय की कधी कधी लाज वाटते. हे फ्लेक्सवर छापता येत नाही म्हणून इथं लिहितो.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी शेंबडा पोर होतो. आईच्या माघारी माझी अंघोळ, शाळा, डबा सगळं तुम्ही केलं. त्यामुळं मी तुमचा 'भाऊजी' कधी झालोच नाही, दत्तूच राहिलो. दादा गेले तरी तुम्ही या घरातून हलला नाहीत. मंगलला शिरूर कासारला दिली, ती दरसाल नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायला लागली, आणि तुमच्या धाकाखाली राहायला घरात उरलो मी आणि संगीता.

पुढं मी प्यायला लागलो. त्यात गावाला नवीन सांगण्यासारखं काही नाही. मी कुठं पडलोय हे गावाला माझ्याआधी कळायचं. तुम्ही आधी समजावलं, मग बदडलं, मग गावातल्या बायका गोळा करून दारूचं दुकानच बंद करायला निघालात. त्यासाठी बायकांचं मतदान झालं, त्याच्या चिठ्ठीवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडवी बाटली जिंकली त्या दिवशी तुम्ही सगळ्याजणींना खंडोबाच्या देवळात नेलं आणि बेलभंडार उचलायला लावला. माझ्या उंबऱ्याच्या आत नशा येऊ देणार नाही, ही शपथ. घरी आल्या आल्या माझी बाज उचलून दारापुढच्या पत्र्याखाली टाकलीत. "पिऊन आलास तर हितं, न पिता आलास तर आत. उंबरा तुला बंद न्हाई, नशेला बंद हाय." मी त्या बाजेवर किती हिवाळे काढले ते जाऊ द्या. एका सकाळी माझी बाज मीच उचलून आत आणली आणि त्यानंतर प्यालो नाही. त्या दिवशी तुमच्या हातून भाकरीवर लोणी जास्त पडलं.

हे सगळं अशासाठी आठवतोय, की तुमच्या दुखण्यात जे घडलं ते दुसऱ्या कुठल्या घरात घडलं नसतं.

पोटातल्या कॅन्सरच्या गाठी मणक्यापर्यंत गेल्या आणि आधीच्या गोळ्या पुरेनाशा झाल्या. तुम्ही ओरडत नव्हता. कळ आली की आम्हाला कामाला लावायच्या. म्हशीला पाणी दाखवलं का, दार कुणी उघडं टाकलं, परात अजून तिथंच का. म्हशीचं नाव निघालं की आम्ही ओळखायचो, आता सहन होत नाही. संगीता म्हणायची, "आक्काला शिव्या द्यायचं बळ हाय तवर भ्यायचं कारन न्हाई." मग शिव्याही थांबल्या. पदराचा बोळा तोंडात धरून तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडायला लागलात, तेव्हा मात्र मी हबकलो.

बीडच्या दवाखान्यात, जिथं फक्त दुखणं कमी करायचं बघतात त्या खोलीतल्या डॉक्टरबाई तुम्हाला आवडल्या होत्या, कबूल करा. त्यांनी विचारलं, "मावशी, दहापैकी किती दुखतं?" तुम्ही म्हणालात, "दहाच्या म्होरं आकडे न्हाईत का तुमच्यात?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आता मॉर्फिन सुरू करू. तुम्ही सरळ विचारलंत, "यात नशा हाय का?"

त्या खोटं बोलल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बाई खऱ्या निघाल्या. "अफूच्या बोंडापासून काढतात. पण दुखण्यापुरतं, वेळेवर घेतलं तर त्याची चटक लागत नाही. सुरुवातीला गुंगी वाटेल, ती उतरते. पोट घट्ट होतं, त्याचं औषध सोबत देते." तुम्हाला त्यातला अफू तेवढा ऐकू आला. गोळ्यांचं पाकीट तुम्ही बोटानं टेबलावरून माझ्याकडं सरकवलंत, आणि मग मी कोण ते आठवून माझ्यापुढून उचलून परत डॉक्टरबाईंपुढं ठेवलंत. बाईंना त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं.

एसटीत आपण भांडलो. मी म्हटलं, "वैनी, नशेतलं मला इचारा की. तुमी कधी थेंब चाखला न्हाई."

"म्हनूनच तुला इचारत न्हाई."

"मग मिश्री? ती तंबाखूच की."

"मिश्रीनं दात घासत्यात." पुढच्या सीटवरचा माणूस मान वळवून बघायला लागला, त्यालाही तुम्ही एक नजर दिलीत.

खरं काय ते चौसाळा दिसायला लागल्यावर तुमच्या तोंडून निघालं. "डबी घरात आनली अन् तुला तिचा नाद लागला तर? मी मरून सुटंन. तुला कोन बघंल?" मला इतका राग आला की उतरल्यावर तुमची पिशवी घेतली पण तुमच्याशी बोललो नाही. इतकी वर्षं न पिता काढली, आणि तुमच्या हिशेबी मी अजून पत्र्याखालीच होतो. त्यातली काळजी मला आज दिसते. त्या दिवशी नुसता अविश्वास दिसला.

तोड तुम्हीच काढलीत. दुपारची वेळ होती, संगीता ज्वारी निवडत होती. तुम्ही मला हाक मारलीत, "दत्तू, बाज बाहेर टाक."

"कावून?"

"उंबऱ्याच्या आत न्हाई म्हनलंय आमी. बाहेरचं काय बोललो न्हवतो."

वकिलीच शिकायला हवी होती तुम्ही. मी म्हटलं, तुम्ही कशाला बाहेर, औषध आहे ते. तुम्ही म्हणालात, "तुला जो नेम लावला तोच मला. न्हाईतर तू हिवात काढलेल्या रात्री मी वाया घालवल्या म्हन." माझी तीच जुनी बाज, त्याच पत्र्याखाली, आणि तिच्यावर तुम्ही. संगीतानं पुन्हा बीडला जाऊन आणलेली गोळ्यांची डबी गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत, कुलूपबंद, किल्ली संगीताच्या मंगळसूत्रात ओवलेली. मला किल्लीकडं बघायलाही बंदी होती. येणारं-जाणारं माणूस विचारायचं, आणि मी सांगायचो, आत उकडतं त्यांना. मार्गशीर्षात कुणाला उकडतं, वहिनी?

पहिली गोळी तुम्ही डोळे मिटून घेतलीत, पाप करावं तशी. आम्ही दोघं बाजेच्या पायथ्याशी बसलो. उन्हं कलायला लागली आणि तुम्ही कूस बदललीत. कुणाचा आधार न घेता, सहज, झोपेत बदलावी तशी. मग डोळे उघडून म्हणालात, "संगे, सकाळच्या च्यात साखर टाकायची इसरलीस." संगीता चुलीपुढं जाऊन रडली. मला वाटलं कुणी तरी माझ्या छातीवरचं पोतं उतरवलं.

ते दिवस बरे गेले. पहिल्यांदा सुस्ती होती ती उतरली. तुम्ही मेथी निवडायला लागलात, रस्त्यानं जाणाऱ्यांची हजेरी घ्यायला लागलात. गोळी घेतली की बाहेर, अंमल उतरला असं तुम्हाला वाटलं की देवाला हात जोडायला आत, असा तुमचा कारभार. कळ यायची वाट न बघता घड्याळ बघून गोळी घ्यायची हे तुम्हाला पटत नव्हतं. दुखत नाही तर कशाला घेऊ, हा वाद रोजचा होता.

आणि मग हात उडायला लागले. चहाचा कप हातातून निसटायचा. पत्र्यावर शेळी चढलीय, उतरव तिला, असं तुम्ही मला सांगितलंत, आणि मी शिडी लावून वर बघून आलो कारण तुम्ही रागावला होता. मला दादांच्या नावानं हाक मारलीत. मधे जरा भानावर आलात तेव्हा म्हणालात, "बघ. हीच ती नशा. म्हनलं न्हवतं?" तोंडावर जिंकल्याचं समाधान, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. कळ पुन्हा आली. पदराचा बोळा पुन्हा तोंडात. मी तुम्हाला कसलं खोटं पाडणार, त्या भ्रमात मी स्वतः राहून आलेलो. दारूत मीही असल्याच शेळ्या बघितल्या होत्या.

रक्त तपासून डॉक्टरबाईंनी मला समोर बसवलं. गाठींचा दाब किडन्यांवर आला होता. मॉर्फिनचा उरलेला अंश लघवीवाटे बाहेर पडायचा तो आतच साचत होता. हात उडणं, भास होणं, सगळं त्याचं. "औषध चुकीचं नव्हतं. आता या किडन्यांना ते झेपत नाही, एवढंच. दुसरं देऊया, किडनीवर भार कमी टाकणारं." ती फेंटानिलची पट्टी. कातडीला चिकटवायची, तीन दिवसांनी बदलायची. हळूहळू लागू पडते, धीर धरा. वरून शेक द्यायचा नाही, गरम झाली तर औषध एकदम अंगात उतरतं.

घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं, "वैनी, इंजिन ठीक हाय, सायलेन्सर तुंबला. म्हनून धूर आतच कोंडला."

"मला ट्रॅक्टर म्हनतूस?" तुम्ही म्हणालात. पण ऐकलंत. नशा असती तर अंमल उतरल्यावर परत हवीशी वाटली असती, तुम्हाला तर ती गोळी डोळ्यांसमोर नको होती, हे तुमचं तुम्हालाच उमगलं असावं. की दुखण्यानंच तुम्हाला वाकवलं? ते विचारायचं राहून गेलं.

पट्टी नर्सबाईंनी खांद्याखाली लावायला शिकवली. त्यावरून तुम्ही माझं डोकं खाल्लंत. "दुखतंय कंबरेत अन् चिकटवली खांद्याला. फ्लेक्स बी असाच लावतूस का, लगीन एका गावात अन् बोर्ड दुसऱ्या?" एरंडाचं पान तव्यावर तापवून पट्टीवर बांधा म्हणून हटून बसलात. आम्ही बांधलं नाही म्हणून जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी कळ ओसरली तेव्हा म्हणालात, पान बांधलं असतं तर कालच ओसरली असती. शेळ्या मात्र परत आल्या नाहीत. हात स्थिर, डोकं लख्ख.

अडचण दुसरीच झाली. गोळीचा अंमल उतरायचा, पट्टी रात्रंदिवस अंगावर. मग उंबऱ्याच्या आत जायचं कसं? तुम्ही आत येणंच सोडलंत. देवाला बाहेरूनच हात. पौषाचा गार वारा पत्र्याखाली घुसायला लागला. मी दुकानातले वाढदिवसांचे जुने फ्लेक्स आणून तिन्ही बाजूंनी बांधले. सगळीकडून पुढारी हात जोडून तुमच्याकडं बघत होते. "एवढे जन हात जोडून हुबे, अन् वारा एकालाबी आडवंना," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी हसलो, पण आतून घाबरलो होतो. दुखणं गेलं होतं आणि तुम्ही तुमच्या शब्दापायी दाराबाहेर थंडीत मरणार होता. माझ्या बाजेवर. ते मला सोसवलं नसतं.

मंगल कारखान्यावरून आली तशी तुमच्या पायाशी बसली. "आई, आत चल." तुम्ही मान हलवली. ती रडली, भांडली, शेवटी म्हणाली, "मग मीबी हितंच निजते." ते मात्र तुम्हाला लागलं. पोर दिवाळीपासून उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत राहून आलेली, तिला आईच्या दारातही उघड्यावर झोपवायचं तुमच्या जिवावर आलं. म्हणालात, "बायांना बोलाव. ज्यांनी बेलभंडार उचलला त्यांना. एकटीनं उचलला न्हवता, एकटीनं कसा मोडू?"

दुपारी बायका आल्या. काही काठी टेकत आल्या, काहींच्या सुना हात धरून घेऊन आल्या. तुमची जोडीदारीण कौसाबाई बाजेवरच बसली. तुम्ही पाठीवरचा पदर सारून पट्टी दाखवलीत आणि काही न लपवता सांगितलंत, ही अफूच्या जातीची आहे, हिच्यामुळं मला दुखत नाही, आता सांगा मी आत जाऊ का. कुणीतरी म्हणालं, आक्का, तुमाला समदं माफ हाय. तुम्ही भडकलात. "माफी न्हाई मागितली. ही नशा हाय का न्हाई ते सांगा."

कौसाबाई म्हणाली, "आगं, दारू पिलेलं मानूस घर इसरतं. तुला तर माजी नात कुठं दिली ते बी ध्यानात हाय."

तेवढ्यानं तुमचं समाधान होईना. तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "याला इचारा. हितं समद्यात जास्ती पिलेला हाच हाय." सगळ्या माझ्याकडं वळल्या. एसटीत ज्या माणसाला विचारायचं नाही म्हणालात, त्याला तुम्ही भर अंगणात विचारत होता.

मी म्हटलं, "वैनी, मी पिलो की मला तुमचं भ्याव वाटत न्हवतं. तुमचा राग येत न्हवता, मायाबी येत न्हवती. संगी रडली तरी काय वाटत न्हवतं. तुमी पट्टी लावल्यापसून मंगलची वाट बघितली, तिच्या पायाच्या भेगा बघून तेल गरम करायला लावलं, मला रोज शिव्या दिल्या. ही नशा न्हाई. नशा मानसाला हितून नेती. तुमी परत आलाव."

तुम्ही पाठीवरचा पदर सारखा केलात. मग कौसाबाईला म्हणालात, "हात वर करा म्हनावं. मतदान केलं तसं." सगळे हात वर झाले. तुमचा शेवटी झाला.

मंगलनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. उंबऱ्याशी तुम्ही थांबलात. वाकता येत नव्हतं, म्हणून संगीताला उंबऱ्याला हात लावायला सांगितलंत आणि तिचा तोच हात स्वतःच्या कपाळाला लावून घेतलात. आत आलात. गादीवर टेकल्या टेकल्या गोठ्यातली डबी मागवलीत. संगीताच्या गळ्यातून किल्ली सोडवून घेतलीत आणि माझ्या हातात दिलीत. "पट्टी आता तू बदलत जा. संगीला नीट दिसत न्हाई."

संगीता अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते, वहिनी. मी किल्ली खिशात टाकली. थँक्यू वगैरे आपल्यात कधी नव्हतंच, आणि ते बोललो असतो तर तुम्ही किल्ली परत घेतली असती.

त्यानंतर तुमची पट्टी मीच बदलली. जुनी काढून चिकट बाजू आत दुमडायची, नवी लावून तळहातानं दाबून धरायची. हात तसाच दाबून धरलेला असायचा आणि तुम्ही म्हणायच्या, "तशी अफूच ती." शेवटपर्यंत म्हणालात. हा वाद काही आपला मिटला नाही, आणि आता मिटायचा नाही. तुम्ही आणि मंगल दिवसभर बोलत असायच्या. काय ते मी ऐकलं नाही, पण दोघी हसत होत्या.

त्या सकाळी ऊन दारातून आत आलं होतं. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "म्हशीला पानी दाखवलं का?" मी जवळ बसलो, "दुखतंय का, वैनी?"

"न्हाई रे. म्हस तहानली आसंल."

मी पाणी दाखवून आलो तेवढ्यात तुम्ही गेला होतात. मंगल म्हणाली, नुसता श्वास सुटला. कपाळाची आठी गेली होती. फोटो तेव्हाच काढायला हवा होता, असा वेडा विचार माझ्या मनात आला.

काल उरलेल्या पट्ट्या परत द्यायला बीडला गेलो. असलं औषध घरात ठेवायचं नसतं, म्हणाल्या होत्या. डॉक्टरबाई जागेवर नव्हत्या, नवीनच कुणी नर्स होती. तिला तुम्ही माहीत नव्हता, मी माहीत नव्हतो, आपलं गाव माहीत नव्हतं. डबी उघडून तिनं पट्ट्या पाहिल्या आणि सगळ्यांनाच विचारत असेल तसं मान खाली घालून विचारलं, "घरात ही कुणाच्या ताब्यात होती?"

मी म्हटलं, "माझ्या."

तिनं मान डोलावली आणि डबी आत ठेवून दिली.